सातव्या माळेचा सिनेमा

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा पहिला कागद फाडून टाकला, कारण त्यात मी कुठंच नव्हते. ‘मंडळाने जनजागृतीपर कार्यक्रम आयोजित केला’ अशी सुरुवात केली होती. खरं म्हणजे तो कार्यक्रम, गावच्या चौकात दाखवलेला एक सिनेमा, नवरात्राच्या मंडळाच्या गळ्यात मीच घातला होता.

वर्धा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ही जागा. १० ते १९ वयाच्या सगळ्यांनी आमच्याकडे यावं अशी अपेक्षा असते. येतात त्या बहुतेक मुली, रक्तवाढीच्या गोळ्यांसाठी नाहीतर पाळीची तक्रार घेऊन. मुलगे फिरकत नाहीत. त्यांना बोलतं कसं करावं हा माझ्या डोक्यातला जुना किडा. गावाचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत.

२०२५ च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर ‘ॲडोलेसन्स’ नावाची चार भागांची ब्रिटिश मालिका आली. तेरा वर्षांचा मुलगा, शाळेतल्या मुलीच्या खुनाच्या आरोपात पहाटे घरातून उचललेला. ती एकाच खऱ्या घटनेवर बेतली आहे असं बऱ्याच लोकांनी धरून चाललं होतं. तसं नाही, मुलग्यांनी मुलींना भोसकल्याच्या तिथल्या बातम्यांवरून सुचलेली ती कल्पित गोष्ट आहे. पुढं तिथल्या पंतप्रधानांनी तिची बाजू घेतली आणि माध्यमिक शाळांना ती फुकट दाखवायची सोय झाली. ही बातमी वाचली आणि माझ्या डोक्यातला किडा वळवळला. आमच्या चौकात इंग्रजी कोण बघणार, म्हणून हिंदीतलं एक शोधलं. दीड तासाचं, सुरुवातीलाच ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी. शहरातले चार अल्पवयीन, त्यांनी मारलेला वर्गमित्र, भांडणाचं मूळ एका मुलीचा चोरून काढलेला फोटो. नाव सांगत नाही, कारण त्या एका सिनेमावर खापर फोडून हे प्रकरण मिटत नाही. दाखवण्याआधी मी तो पूर्ण बघितला होता का? पाऊण बघितला होता. उरलेला एसटीत, पुढं पळवत पळवत.

त्या रात्रीची वही

नवरात्राची सातवी माळ होती. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात, त्यामुळे माणसं उशिरा आली, काहींच्या केसांत तसाच भुसा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या पोराकडून प्रोजेक्टर आणला होता. समाजमंदिराच्या भिंतीला पडदा बांधला. बाया डावीकडं ताडपत्रीवर, म्हातारे ओट्यावर, पोट्टे मागं साउंडच्या डब्यांजवळ. अकरावी-बारावीच्या मुली त्यांच्या आयांच्या मागच्या रांगेत.

मला वेळ टिपून ठेवायची सवय आहे. त्या दिवशीची वही अशी आहे: ८.४० सुरू. ९.०५ पहिली मारहाण, मागचे पोट्टे हसले. ९.२० मुली उठून गेल्या. ९.३१ लाईन गेली.

हसण्यावरून ओट्यावरचे म्हातारे भयंकर चिडले. ‘यायच्यातूनच निंगते असे,’ म्हणून एकानं मागं वळून शिवी हासडली. माझ्या मते त्या हसण्यात क्रौर्य वगैरे काही नव्हतं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांमध्ये बसलेला असताना पोटात गोळा आला तर तो काय करणार? रडता येत नाही, उठून जाता येत नाही. एकानं फिस्स केलं की बाकीचे सुटतात. दवाखान्यात इंजेक्शनच्या रांगेतही मी हेच बघते. पण मागं बसलेल्यांपैकी एक जण हसला नव्हता, आणि ते माझ्या वहीत नाही. ते टिपून घेणारे दुसरेच होते.

लाईन गेली ती पंचवीस मिनिटं आली नाही. खरा कार्यक्रम तेवढ्यात झाला.

‘चौकात टांगा साल्यायले.’

‘टांगते कोन? अठराच्या आत सबन माफ हाये. म्हनूनच तं माजले.’

‘दिल्लीच्या केसमंदी नाई का सुटला तो लहाना.’

मी मोबाइलचा टॉर्च लावून उभी राहिले. या विषयावर गावोगाव जे बोललं जातं त्यात अर्धं खरं असतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या प्रकरणातला एक आरोपी अठराला काही महिने कमी होता, आणि तेव्हाच्या कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात ठेवता येत होतं. तेवढंच झालं. लोकांच्या संतापातून २०१५ चा बाल न्याय कायदा आला आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. आता १६ ते १८ मधल्या मुलानं खुनासारखा, किमान सात वर्षं शिक्षा असलेला गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक पडताळणी करतं: त्याची मानसिक आणि शारीरिक कुवत किती, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं. त्यावरून खटला प्रौढासारखा चालवायचा की नाही ते ठरतं. फाशी तरीही नाही. सोळाच्या आतल्याला जुनीच मर्यादा, तीन वर्षं.

‘म्हंजे सोयाच्या आत माफच झालं ना वो मॅडम,’ अंधारातून आवाज आला आणि लोक हसले. मीही हसले. वाद घालून उपयोग नव्हता.

मग ओट्यावरून अक्कू यादव निघाला. विदर्भात असा विषय निघाला की तो निघतोच. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात वस्तीतल्या बायांनी त्याला मारला, ही हकिगत आमच्याकडं लोककथेसारखी सांगतात, दर वेळी दोन वार जास्त घालून. सांगणाऱ्याला मी म्हटलं, काकाजी, तो मोठा गुंड होता, वर्षानुवर्षं वस्ती नागवत होता. ही तर पंधरा वर्षांची पोरं. ते म्हणाले, ‘गुंड काय आकाशातून पडते का? पंधराचाच होता न तोई कवातरी.’ याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि ‘म्हणूनच तर’ असं म्हणायला लाईन गेलेला चौक ही जागा नव्हती.

बायांकडून हिंगणघाट आलं. ते आमच्यापासून लांब नाही. ३ फेब्रुवारी २०२० ला कॉलेजला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला रस्त्यात पेट्रोल टाकून पेटवलं. सात दिवसांनी ती गेली. १० फेब्रुवारी २०२२ ला आरोपीला जन्मठेप झाली. तो काही अल्पवयीन नव्हता, पण बायांना वयाशी घेणं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस या गावातल्या आया मुलींना घ्यायला फाट्यापर्यंत जात होत्या, हे मला त्या रात्री कळलं.

पुढं बसलेली एक म्हातारी बराच वेळ गप्प होती. तिनं एकच विचारलं. ‘त्या पोट्ट्याची माय कुठी हाये वो? येकडाव बी नाई दाखवली तिले.’

कोणी बोललं नाही. मग लाईन आली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, सिनेमा पुढं सुरू झाला.

संपल्यावर मी माइक घेऊन ‘काय वाटलं’ विचारलं. माणसं म्हणाली संस्कार. माणसं म्हणाली मोबाईल. एक बाई म्हणाली, आता आपल्याच पोराकडं पाहायला भेव लागते. मागून एक पोट्टा ओरडला, ‘सायको भारी होता!’ महिन्याच्या अहवालात मी लिहिलं: उपस्थिती अंदाजे १५०, प्रतिसाद चांगला.

नववीतला मुलगा

दसऱ्यानंतर आठवड्यानं एक बाई माझ्या कक्षात आली. चप्पल दाराबाहेर काढून, पदर डोक्यावर. म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या शिनेमानं माह्या पोराचं नाव बदललं.’

मुलगा पंधराचा, नववीत. बाप चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, होळी-दिवाळीला येणारा. घरी तीन एकर, पऱ्हाटी आणि तूर. शाळा सुटली की मुलगा परस्पर शेतात. बोलणं कमी. वर्गात त्याला आता सगळे सायको म्हणत होते. एकानं त्याचा खिडकीत बसलेला फोटो काढून त्यावर सिनेमातलं संगीत चढवून स्टेटसला ठेवला. मग कोणीतरी सरांना सांगितलं की याच्या दप्तरात कटर असतो. दप्तर तपासलं, कटर निघाला. शाळेनं तो जप्त केला, मुलाला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं आणि आईला घेऊन ये म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडं सीतादही होतं, कापसाचा पहिला वेचा. ती गेली नाही. त्या दिवसापासून तोही गेला नाही. सहामाही परीक्षा सहा दिवसांवर होती.

इथं मला थोडं थांबून त्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे, कारण नाव त्यातून आलं. त्यातला चौथा मुलगा गप्प असतो. वर्गात खिडकीशी बसून ब्लेडनं पेन्सिल तासतो. कॅमेरा ब्लेडवर, मग डोळ्यांवर, मागं व्हायोलिन. असं तीन वेळा. खून झालेला आहे हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं, म्हणून पेन्सिल तासणं आता पेन्सिल तासणं राहत नाही, ती खूण होते. दिग्दर्शकाला शेवट माहीत असतो; तो मागं जाऊन साध्या साध्या गोष्टींना खुणा बनवत येतो. ज्या ब्रिटिश मालिकेवरून मला हे सुचलं तिची गंमत अशी की तिथं ही युक्तीच नाही. प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये घेतलेला, मध्ये कुठं कापाकापी नाही, मागच्या काळात उडी नाही. आणि मुलानं केलं की नाही हे पहिल्या भागाच्या शेवटी सीसीटीव्हीच्या चित्रणात दिसून जातं. पुढचे तीन भाग ‘असं का’ एवढ्यावरच. मी तिथली बातमी उचलली आणि नेमकी उलट्या जातीची चीज आणून चौकात लावली. गावाला त्या रात्री मिळाली ती खुणा वाचायची शिकवणी. शेवट कुठंच झालेला नव्हता, पण खुणा वाचायला माणसं तयार.

मी शेतात गेले. मुलगा बांधावर नळ्यांची वेटोळी सोडवत होता. पाऊस संपला की ठिबक तपासावं लागतं. उंदीर आणि खारी नळ्या कुरतडून ठेवतात. माझ्याकडं न बघता म्हणाला, ‘कटर पायजे होता. विळ्यानं तिरपं कापल्या जाते.’

‘तिरपं कापलं तर काय होतं?’

त्यानं दाखवलं. कुरतडलेला वीतभर तुकडा विळ्यानं काढला, दोन्ही टोकांत जॉइनर दाबला, पंप सुरू करायला आईला हाक दिली. जोडातून पाण्याची बारीक चिळकांडी माझ्या साडीवर आली. ‘सरळ कापलं का येत नाई,’ तो म्हणाला. त्या दिवशीचं त्याचं सगळ्यात लांब बोलणं एवढंच.

कक्षात जे विचारते ते सगळं विचारलं. आपल्याला बरं वाटलं म्हणून सोडून देता येत नाही. झोप, जेवण, राग, जनावरांशी कसा वागतो, स्वतःला काही करावंसं वाटलं का. झोप उडाली होती, स्टेटस ठेवणाऱ्याचा राग होता, शाळा सोडतो म्हणत होता. बाकी काही नव्हतं. धोका म्हणून मी कागदावर एकच ओळ लिहिली: नववीतून गळती. शेवटी त्या रात्रीबद्दल विचारलं, सगळे हसले तेव्हा तू का नाही हसला?

‘त्या मेलेल्या पोट्ट्याची येकच चप्पल दाखवली नालीत,’ तो म्हणाला. ‘दुसरी कुठी गेली तेच पाहत होतो.’

नंतर स्टेटसवाल्या मुलाला भेटले तेव्हा तो रडवेला होऊन म्हणाला, मॅडम, मजाक होती. मग म्हणाला, ‘सारे हासले, हा येकटाच नाई हासला. तसाच पाहत होता सायकोवानी.’ म्हणजे म्हाताऱ्यांना हसणाऱ्यांची भीती वाटली आणि हसणाऱ्यांना न हसणाऱ्याची. दीडशे माणसांत त्या मेलेल्या मुलाचा विचार करत बसलेला, मला माहीत असलेला एकच, आणि नाव त्याला पडलं.

बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मला पाठ आहे. गुन्ह्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्याकडं आलेला हा मुलगा या तिन्हींपैकी कोणीच नव्हता, म्हणून ते कलम त्याच्या कामाचं नव्हतं. खून केला असता तर त्याचा फोटो झाकला गेला असता.

दप्तरं

मुख्याध्यापकांना भेटायला मी थोडी तोऱ्यातच गेले होते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, ‘मॅडम, उद्या काही झालं तर पेपरात फोटो माझा येते, तुमचा नाही.’ हे खरंच होतं. शिवाय सिनेमा मी दाखवला होता, तेही त्यांनी सौम्यपणे बोलून दाखवलं. मी म्हटलं, सर, एकाचंच दप्तर तपासलं, नववीची सगळी तपासू. त्यांना वाटलं मी त्यांच्या बाजूला आले.

टेबलावर निघालं ते असं: आणखी दोन कटर, एक छोटा विळा, एक पाना, फवारणीच्या पंपाचं नोझल, कांदे कापायची सुरी, एक लायटर, आणि वरच्या कप्प्यात जपून ठेवलेलं मोटारीचं जळकं स्टार्टर बटण. सर बराच वेळ त्या ढिगाकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘शेतकऱ्याचे पोट्टे हायेत मॅडम.’ ते एरवी प्रमाण भाषेतच बोलतात. लायटर तेवढा ठेवून घेतला, बाकीच्यांसाठी नियम केला: हत्यार सकाळी शिपाईमामांकडं द्यायचं, सुटताना न्यायचं.

मुलगा परीक्षेला बसला. पहिल्या पेपरला मी फाटकाशी उभी होते. मला टाळून आत गेला, ते बरोबरच होतं. सायको हे नाव गेलं नाही. आमच्याकडं एकदा पडलेलं नाव सहज जात नाही. गावात साठीचे एक गृहस्थ अजून ‘बेंडूक’ आहेत. पण स्टेटस उतरलं, बाक बदलला, आणि दिवाळीच्या सुट्टीत ज्याच्या घरचं ठिबक गळत होतं त्यानं याला बोलावून नेलं, असं त्याची आई सांगत होती. जप्त केलेला कटर सरांनी नोंदवहीत सही घेऊन परत दिला. तोवर त्यानं बाजारातून नवा आणला होता.

९.२०

फाईल बंद करताना वही पुन्हा चाळली आणि त्या ओळीवर अडकले. ९.२० मुली उठून गेल्या. एवढ्या धावपळीत हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. कंटाळल्या असतील, नाहीतर सकाळची बस असेल, असं मनात धरलं होतं.

त्या गावातून तालुक्याच्या कॉलेजला जाणाऱ्या अकरा मुली आहेत, एसटीच्या मोफत पासवर. एका शनिवारी त्यांच्यासोबत फाट्यावर बसले. आधी कोणी बोलेना. मग एक म्हणाली, ‘मॅडम, तो फोटो काढते ना बसमंदी, तो सीन लागला, म्हनून उठलो.’

परतीच्या सव्वापाचच्या बसमध्ये पुढच्या गावची चार-पाच मुलं रोज मागच्या सीटवर असत. फोटो काढायचे, मग त्याच मुलीच्या मोबाइलवर पाठवायचे. दिवाळीच्या कितीतरी आधीपासून. ‘समोर माय बसली होती,’ ती म्हणाली. ‘तिनं मागं पाहून आमची तोंडं पाह्यली असती तं तिले समजलं असतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद.’

त्या रात्री तो सिनेमा खऱ्या अर्थानं ओळखीचा वाटला असा प्रेक्षक त्या अकरा जणीच होत्या, आणि मी माइक घेऊन उभी राहिले तेव्हा त्या घरी पोचल्या होत्या.

‘घरी नाही सांगणार ना मॅडम?’ तिनं विचारलं. मी हो म्हणू शकत नव्हते. त्यातल्या कितीतरी अठराच्या आतल्या आहेत. अशा मुलीचा सतत पाठलाग, नको असताना वारंवार संपर्क हे पॉक्सोच्या, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याच्या, कक्षेत येऊ शकतं, आणि २०१२ च्या त्या कायद्याचं कलम १९ माहिती असणाऱ्याला गप्प बसू देत नाही. हे मी तिला तिथंच, बस यायच्या आत सांगितलं. म्हटलं, कळवावं लागेल, पण घरी मी स्वतः येईन, तुम्ही सांगाल त्या क्रमानं. तिनं माझ्याकडं जे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. बस आली, त्या चढल्या.

सोमवारी कळवलं. अकरा घरांत गेले, काही घरांत दोनदा. फोटो पाठवणारेही सोळा-सतराचेच निघाले. त्यांतल्या एकाची आई दारात येऊन माझ्याशी भांडली आणि मग तिथंच पायरीवर बसली. एसटी स्टँडवर पोलीस दोन आठवडे येत होते. सव्वापाचच्या बसला आता मागच्या सीटवर बहुतेक म्हातारी माणसं असतात. अकरांपैकी नऊ जणी अजून जातात. दोघींच्या घरी या महिन्यात तिसऱ्यांदा जायचं आहे.